पंचापकेशनचा उजवा खांदा

साठी पूर्ण होते आहे, तर निमंत्रणपत्रिकेवर आपला फोटो असावा, एवढंच पंचापकेशननं ठरवलं होतं. यात वाईट काय? काही नाही. माणूस साठ वर्षं टिकला (त्यातली निम्मी कुंभकोणमच्या वीज कचेरीतली कॉफी पिऊन टिकला, हे आणखी विशेष), तर त्यानं चार लोकांना तोंड जरूर दाखवावं. फक्त कुठलं तोंड दाखवायचं, एवढाच प्रश्न होता, आणि तिथंच सगळं घसरलं.

आमच्याकडे साठी म्हणजे नुसती शांत नव्हे. नवरा-बायकोचं पुन्हा लग्न लागतं, तेही तिरुक्कडैयूरच्या देवळात. महादेवानं यमाला लाथ घातली ती याच जागी, त्यामुळे आयुष्य वाढवून घ्यायला सगळे तिथंच जातात. पुन्हा हार, पुन्हा मंगळसूत्र. मंगळसूत्राची पहिली गाठ नवऱ्यानं मारायची आणि उरलेल्या दोन नवऱ्याच्या बहिणीनं. पंचापकेशनला बहीण एकच, मायावरमची विशालम अक्का. आई लवकर गेल्यावर तिनंच याला वाढवलं, न्हाऊ घातलं, झोपाळ्यावर झोके दिले आणि एकदा त्याच झोपाळ्यावरून पाडलंही. पहिल्या लग्नात अक्कानं त्या गाठी अशा आवळल्या होत्या की, मंगळम म्हणते, अजून हलायला जागा नाही. (मंगळम म्हणजे पंचापकेशनची बायको. पहिल्या लग्नाची तीच आणि दुसऱ्याचीही तीच. पुढे यावरून घोटाळा होणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.)

तेव्हा अक्का नसेल तर लग्न नाही. पंचापकेशनला यमाची फारशी भीती नव्हती. अक्का रुसेल, ही मात्र होती.

तर फोटो. बाजारातल्या गुणशेखरनच्या स्टुडिओत नवरा-बायको सजून गेले. या गावात ज्याचं लग्न झालं त्याला गुणशेखरननंच टिपलंय, आणि ज्याचं बारावं झालं त्यालाही त्यानंच मोठं करून चौकटीत बसवलंय. म्हणजे माणूस कुठल्याही दिशेनं निघाला तरी वाटेत गुणशेखरन लागतोच. पंचापकेशन काष्ट्याचं धोतर नेसून, उघड्या अंगावर भस्माचे पट्टे ओढून, जानवं ठीकठाक करून बसला. मंगळम ठेवणीतली नऊवारी नेसून बसली. गुणशेखरन म्हणाला, "मामा, श्वास सोडा." मामांनी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला. पंचापकेशननं तो उजेडात धरला, लांब धरला, चष्मा काढून बघितला, घालून बघितला.

"हा कोण?"

"मामा, हे तुम्हीच."

"हे नाक बघ. कुठं चाललंय हे?"

"जिथं रोज चालतं तिथंच मामा. मी नाकाला हात लावलेला नाही."

"आणि हा कान? हा दुसऱ्या कानाच्या आधी कसा काय पोचला?"

"तो पहिल्यापासून घाईतच आहे मामा. मुलीच्या लग्नातले तुमचे फोटो काढू का? तिथंही तो पुढंच आहे."

"डोळा! डावा डोळा झोपलाय!"

गुणशेखरननं फोटोतल्या डोळ्याकडे बघितलं, मग समोरच्या डोळ्याकडे बघितलं आणि शहाण्यासारखा गप्प बसला. पण मंगळम तिथं होती. तिनं मान वाकडी करून फोटो बघितला आणि म्हणाली, "छान आलाय की. अगदी तुम्ही."

बाणासारखं लागलं ते पंचापकेशनला. घरी येईपर्यंत तो रिक्षात बायकोशी बोलला नाही. घरी आल्यावर बोलला, पण ते कॅमेऱ्याविषयी. त्या माणसाचा कॅमेरा म्हातारा झालाय, त्याची काच वाकलीय, त्याला माणसातलं सौंदर्य दिसत नाही, सांगाडा तेवढा दिसतो. (सांगाडा दिसण्याइतकी सोय पंचापकेशनच्या अंगावर कुठंही नाही, पण रागात माणूस असं बोलतो.)

मुलीनं चेन्नईहून नवा फोन पाठवला होता. पंचापकेशननं तो हातात धरून, हात लांब करून, सकाळच्या उन्हात घरच्या ओट्यावर उभं राहून स्वतःचा एक फोटो काढला. बघितला. आणि त्याला हायसं वाटलं. हाच तो! रोज दाढी करताना भेटणारा, ओळखीचा, भला माणूस. नाक जिथल्या तिथं. कान दोन्ही एकाच वेळी हजर. डोळे टक्क जागे. मग त्यानं आणखी काढले. तुळशीपाशी काढला, झोपाळ्यावर काढला, गंभीर काढला, किंचित हसून काढला. सगळीकडे तोच भला माणूस.

"मंगळम! ती नऊवारी पुन्हा नेस."

"का? कोण येतंय?"

"कोणी येत नाही. आपला फोटो मी काढतो."

"अहो, एकदा काढला ना! नऊ वार नेसायला काय लागतं ते तुम्हाला काय ठाऊक. तुम्ही दोन गिरक्या मारल्या की तयार."

"पत्रिका आयुष्यभर राहते मंगळम. लोक ती जपून ठेवतात."

"लोक त्यात शेव गुंडाळतात."

पण नेसली बिचारी. आता ही आमची नऊवारी एक मोठं प्रकरण आहे. आम्हा अय्यरांच्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर असतो आणि अय्यंगारांच्या बायकांचा डाव्या. आम्ही शिवाचे, ते विष्णूचे, म्हणून दोघांनी एकेक खांदा वाटून घेतला असावा. रोजच्या साध्या साडीला हा नियम नाही, फक्त नऊवारीला. त्यामुळे कार्यात लांबून कुणी नऊवारीतली बाई दिसली की आमची माणसं आधी खांदा बघतात. खांदा कळला की चेहरा बघायची फारशी गरज उरत नाही.

दोघं ओट्यावर उभी राहिली. पंचापकेशननं हात लांब केला, आणखी लांब केला, फोटो निघाला.

मंगळमनं तो बघितला. "हे तुम्ही वाटत नाही."

"मग कोण वाटतो?"

"तुमचा कुणी चुलतभाऊ. जरा आगाऊ." ती आणखी वाकली. "आणि मीही मी वाटत नाही. काहीतरी चुकलंय हो यात. थांबा, सांगते..."

पण तिला सांगायला मिळालं नाही. आत सांबाराच्या डाळीचा कुकर कधीपासून ओरडत होता, ती धावली. (हा कुकर आणखी जरा दम धरता, तर पुढची कथा मला लिहावी लागली नसती.)

पंचापकेशननं फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर अक्का आहे, तिरुवय्यारूचे पेरियप्पा आहेत, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नव्वदी ओलांडलेले, त्यांची मुलं, सुना, नातू, आणि आमचे वाध्यारही आहेत, म्हणजे घरचे भटजी, कारण वाध्यारांना वगळून त्या घरात नारळसुद्धा फुटत नाही. फोटोखाली काहीतरी लिहायला हवं होतं. जन्मभर कचेरीत कागद पुढे सरकवलेला माणूस. हाताला एकच वाक्य सवयीचं. त्यानं लिहिलं, "सविस्तर मागाहून."

तोवर इतके फोटो काढून काढून फोनची धुगधुगी संपत आली होती. त्यानं तो आतल्या खोलीत चार्जिंगला लावला, सदरा चढवला आणि पत्रिकेचं बोलायला छापखान्यात गेला. छापखान्यातून कॉफी प्यायला गेला. कॉफीवाल्याकडे दोन ओळखीचे भेटले, त्यांना भल्या माणसाचं वर्णन सांगत बसला. जेवणवेळेला परत आला, तेव्हा त्याच्या दारासमोर, पण दारापासून चांगलं लांब, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला वाध्यार उभे होते.

"वाध्यार! आत या ना. उन्हात काय उभे?"

"नको." वाध्यार एक पाऊल मागे सरले. "मला उद्या एकांची वास्तुशांत आहे. सोयर-सुतक घेऊन तिथं जाता येणार नाही. तू तिथूनच सांग. कोण?"

"कोण काय?"

"पंचापकेशन, मी तुझ्या मुंजीत होतो. माझ्यापासून लपवू नकोस. कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं!"

"बरं," वाध्यार मऊ आवाजात म्हणाले. हा आवाज त्यांनी खास अशा प्रसंगांसाठी ठेवलेला आहे. "पहिल्या दिवशी असंच वाटतं. पण घाबरू नकोस, मी सगळी व्यवस्था केलीय. तिरुक्कडैयूरला फोन करून तुझा मुहूर्त रद्द केला."

"रद्द केला?"

"सुतकात लग्न कसं लागेल? दुसऱ्या एका जोडप्याला देतो म्हणाले ते."

पंचापकेशन रस्ता ओलांडून वाध्यारांकडे निघाला, तसे वाध्यार तेवढेच मागे गेले. तो थांबला, तेही थांबले. असं करत दोघं कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेले असते, पण तेवढ्यात शेजारच्या कनकम मामी पदर डोळ्यांना लावून समोर आल्या. हातात झाकलेलं पातेलं.

"पंचू अण्णा, मंगळमला म्हणावं आज चूल पेटवू नको. रसम-भात आणलाय. जेवून घ्या थोडं. गेलेलं माणूस काही परत येत नाही."

आतून सांबाराचा खमंग वास येत होता. मामींनी नाक वर केलं. ज्या घरात आज चूल पेटायला नको, त्या घरातून हिंगाची फोडणी! मामींच्या चेहऱ्यावरचं दुःख जरा पातळ झालं आणि त्याची जागा कुतूहलानं घेतली.

तेवढ्यात आत फोन वाजला. पंचापकेशन धावत गेला. फोनवर पेरियप्पा होते.

"पंचू, खरं सांग. कोण गेलं?"

"कुणी नाही पेरियप्पा!"

"मग सकाळपासून माझ्या दारात माणसं का येतायत? येतात, मला झोपाळ्यावर बघतात आणि तोंड पाडून परत जातात. जरा निराश झाल्यासारखी."

"पेरियप्पा, तसं काही नाही..."

"एकानं तर हार आणला होता. मला दहीभात खाताना बघून तो त्यानं पाठीमागे लपवला. मी म्हटलं, आणलाच आहेस तर घाल बाबा. तर पळून गेला." पेरियप्पा थोडे थांबले. मग हळूच म्हणाले, "अरे, मीच तर गेलो नाही ना? या वयात कुणी काही सांगत नाही."

"तुम्ही छान आहात पेरियप्पा!"

"तू म्हणतोस तर असेन," पेरियप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. पण पूर्ण पटल्यासारखं वाटलं नाही.

आता पंचापकेशननं ग्रुप उघडला. त्याच्या फोटोखाली नुसते जोडलेले हात. हातांची रांगच रांग. खाली चेन्नईच्या मुलीचं, "अप्पा, फोन उचला." मग पुन्हा हात. सगळ्यात शेवटी अक्काच्या मुलाचं, "अम्मा आंघोळ करून गाडीनं निघाली आहे. फार रडते आहे."

"मंगळम," तो म्हणाला, "आपल्याकडे काहीतरी झालंय. काय झालंय ते मात्र सगळ्यांना माहीत आहे, आपल्यालाच नाही."

मंगळम पळी हातात घेऊन बाहेर आली. आता ती साध्या साडीत होती. पुढे काय विचारावं हे तिला सुचायच्या आत दारात गाडी थांबली. विशालम अक्का उतरली. केस ओले, डोळे सुजलेले, पाठीमागे तिचे यजमान थर्मास घेऊन. अक्कानं फाटकाला धरून हंबरडा फोडायला तोंड उघडलं, आणि पळीवाल्या मंगळमकडे बघून ते तसंच उघडं राहिलं.

"मंगळम! तू जिवंत आहेस?"

"हो अक्का. सांबार करते आहे."

अक्का सरळ आत आली, तिनं मंगळमचे गाल चाचपले, दंड चाचपले, पळी चाचपली. मग ती भावाकडे वळली. या वळण्याला पंचापकेशन लहानपणापासून ओळखत होता.

"मग ती अय्यंगारीण कोण?"

"कोण अय्यंगारीण?"

"फोटोतली! डाव्या खांद्यावर पदर घेऊन तुझ्याशी खेटून उभी आहे ती! जानवं उजव्या खांद्यावर टाकलंयस, पितरांच्या कार्याला टाकतात तसं. आज अमावस्या नाही, संक्रांत नाही, वडिलांचं श्राद्ध मार्गशीर्षात. मग जानवं फिरवलंस कुणासाठी? मी म्हटलं, पेरियप्पा गेले. मग नीट बघितलं तर शेजारी मंगळम नाही, वैष्णवाघरची बाई. मी काय समजायचं? मंगळम गेली, तू तिचे विधी उरकलेस, आणि जानवं सरळ करायच्या आत दुसरी आणलीस! वर लिहितोस काय, तर सविस्तर मागाहून!"

रस्त्याच्या पलीकडे वाध्यारांनी कान टवकारले. कनकम मामींनी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि शेजारी स्वतःही बसल्या.

मंगळमनं नवऱ्याकडे बघितलं. पळी अजून तिच्या हातातच होती. "फोटोतली बाई मीच आहे ना हो?" तिनं विचारलं. प्रश्न साधा होता, पण त्यात थोडी शंका होती, आणि ती शंका पंचापकेशनला फार लागली.

"तूच! देवाशप्पथ तूच!"

"मग माझा पदर डावीकडे कसा गेला?"

फोन मधोमध ठेवला. सगळे वाकले. वाध्यारही आले. (सुतक असेल-नसेल, एवढी गोष्ट लांबून ऐकण्यातली नव्हती.) आणि खरंच, जानवं उजव्या खांद्यावर. पदर डाव्या खांद्यावर.

"तू फोटोसाठी जानवं फिरवलंस?" वाध्यारांनी दरडावून विचारलं.

"मी कशाला फिरवीन?"

"मग आपोआप फिरलं? पितरांनी हात घातला?"

"आणि हा," अक्का फोनवर बोट ठेवून म्हणाली, "हा पंचूसुद्धा नव्हे. पंचूच्या उजव्या भुवईवर खोक आहे. झोपाळ्यावरून मी पाडलंय त्याला, मला ठाऊक नाही? याची डाव्या भुवईवर आहे. हा दुसराच कुणीतरी आहे. याला अय्यंगारच म्हणा."

पंचापकेशनचं बोट आपोआप भुवईवर गेलं. उजव्याच. त्याला क्षणभर स्वतःविषयीच खात्री वाटेना.

नेमका याच वेळी फाटकातून गुणशेखरन आत शिरला. खांदे पाडलेले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी चौकट, कागदातून चंदनी हाराचं टोक बाहेर डोकावतंय. त्यानं मान वर केली, आणि समोर पंचापकेशन उभा.

"मामा!" गुणशेखरन मागे सरकला. "तुम्ही?"

"मी. का? कोण हवं होतं?"

"नाही... सहज आलो होतो."

"काखेत काय आहे?"

"काही नाही. चौकट आहे."

"कुणाची?"

गुणशेखरननं मान खाली घातली. "मामा, कोपऱ्यावर ऐकलं, तुमच्याकडे कुणी गेलं. परवा तुम्ही नाकावरून इतके लाल झाला होतात, की मला वाटलं... आणि आयत्या वेळी घाई नको म्हणून..."

अक्कानं चौकट त्याच्या हातातून ओढली आणि कागद फाडला. आत पंचापकेशन. मोठा केलेला, एकटा, गळ्यात चंदनाचा हार. तोच स्टुडिओतला, श्वास धरलेला. अक्कानं त्याच्याकडे बघितलं आणि आता कुठं ती मोकळेपणी रडली.

"हा बघा! हा माझा पंचू! नाक वाकडं, कान पुढे, डावा डोळा झोपलेला, खोक जागच्या जागी! किती गोड आलाय!"

"अगदी हुबेहूब," कनकम मामी म्हणाल्या.

"जानवंही डावीकडे," वाध्यारांनी शिक्कामोर्तब केलं.

आपल्याच अंगणात उभं राहून आपल्याच हार घातलेल्या फोटोची स्तुती ऐकण्याची संधी फार थोड्यांना मिळते, आणि ज्यांना मिळते त्यांनाही ती अशीच वाकड्या नाकासकट मिळते.

मंगळम मात्र एकदा चौकटीकडे, एकदा फोनकडे बघत होती. मग ती आत गेली आणि नवऱ्याचा दाढीचा आरसा घेऊन आली. तिनं तो त्याच्यासमोर धरला.

"सदरा काढा."

पंचापकेशननं काढला. आरशात बघितलं. आरशात भला माणूस उभा होता, नाक सरळ, कान वेळेवर. आणि जानवं उजव्या खांद्यावर.

"हा माणूस," मंगळम म्हणाली, "तुम्ही रोज बघता. आम्ही कधी बघितलेला नाही. तुमच्या फोनलाही आरशाचीच खोड आहे. आम्ही बघतो तो हा." आणि तिनं चौकटीकडे पळी केली. "तुम्ही सगळ्या घराण्याला आरशातला माणूस पाठवलात, आणि सगळं घराणं आंघोळी करतंय."

अक्काच्या यजमानांनी थर्मासमधली कॉफी सगळ्यांना दिली. वाध्यारांनीही घेतली, म्हणजे सुतक अधिकृतपणे फिटलं. मग त्यांनी तिरुक्कडैयूरला फोन लावला. दुसऱ्या जोडप्यानं अजून होकार दिला नव्हता (त्यांच्या घरीही फोटोवरून काही चाललं असेल तर मला ठाऊक नाही). मुहूर्त परत मिळाला.

पंचापकेशननं निःश्वास सोडला. पण अक्कानं बोट वर केलं.

"गाठी मी मारीन. एका अटीवर. पत्रिकेवर हा फोटो छापायचा." तिनं चौकट छातीशी धरली. "मी माझ्या भावाच्या लग्नात गाठी मारणार. त्या आरशातल्या परक्या माणसाच्या लग्नात नाही. त्याची त्याला बहीण शोधू दे."

पंचापकेशननं आरशाकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, अक्काकडे बघितलं. यम परवडला असता. पण अक्काचे ओले केस अजून गळत होते, आणि ती इतक्या उन्हात, रडत, त्याच्यासाठीच आली होती.

"छापतो," तो म्हणाला. "पण हार काढून."

तिरुक्कडैयूरला लग्न थाटात झालं. पेरियप्पाही आले, आणि आल्या आल्या म्हणाले, मला हार घाला, त्या दिवशीचा राहिलाय. घातला. अक्कानं दोन्ही गाठी अशा आवळल्या की मंगळमनं डोळे वटारले. आणि पत्रिका ज्यानं ज्यानं हातात घेतली, त्यानं त्यानं पंचापकेशनला सांगितलं की फोटो फारच सुरेख आलाय, अगदी तुम्ही. शंभर तोंडांतून हे ऐकल्यावर माणूस काय करणार? तोही मान हलवून हो म्हणायला शिकला.

फोनमधला तो फोटो मात्र मंगळमनं पुसू दिला नाही. तिनं तो आपल्या फोनमध्येही घेऊन ठेवलाय. परवा तिची एक मैत्रीण चाळता चाळता त्याच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हे कोण गं जोडपं?"

"आमच्या ओळखीचे अय्यंगार आहेत," मंगळम म्हणाली. "बाई बरी आहे. माणूसही तसा दिसायला व्यवस्थित आहे, पण आमच्या ह्यांच्यासारखा देखणा नाही."

आत दाढी करत बसलेल्या पंचापकेशननं हे ऐकलं. ही आपली स्तुती झाली की अपमान, हे त्याला कळेना. त्यानं मान वर करून आरशात बघितलं. समोर तो अय्यंगार तोंडाला साबण फासून बसला होता, आणि त्यालाही कळत नव्हतं.